कानोसाच्या दारीं

क्षमा मागणाराचें मन खरें कीं खोटें हें पारखल्यावांचून त्यास जवळ करूं नये, असें पुष्कळ सुज्ञ लोक म्हणतात. आम्हांस हें मत पटत नाहीं, आणि त्यास कारण जर्मनीचा राजा चौथा हेन्री याची कथा होय.

बिशपांच्या नेमणुका कोणीं कराव्या, ह्या तंट्यांत पोप सातवे ग्रेगरी यांनीं १०७६ सालीं हेन्रीस बहिष्कृत केलें व प्रजेस राजनिष्ठेच्या शपथेंतून मोकळें केलें. सरदार उलटले. वर्षाच्या आंत बहिष्कार उठला नाहीं तर राज्य जाणार, असा प्रसंग आला. तेव्हां ऐन हिवाळ्यांत, पत्नी व लहान मुलगा यांसह, राजा आल्प्स पर्वत ओलांडून इटलींत उतरला. पोप त्या वेळीं मॅटिल्डा नामक सरदारीण बाईंच्या कानोसा किल्ल्यांत होते. १०७७ च्या जानेवारींत तीन दिवस हेन्री त्या किल्ल्याच्या दाराशीं अनवाणी, साधें लोकरी वस्त्र घालून उभा राहिला. मॅटिल्डा व राजाचे धर्मपिते, क्ल्यूनीचे मठाधिपति ह्यू, यांनीं रदबदली केली, तेव्हां दार उघडलें.

हें धर्मगुरूचें गांभीर्य नव्हे, जुलमी राजाचें क्रौर्य होय, असें भोंवतालचे कांहीं लोक म्हणूं लागले होते. आणि ही गोष्ट खुद्द पोपांनींच जर्मन सरदारांस लिहिलेल्या पत्रांत नमूद केली आहे. आपल्यावरील ठपका आपल्याच पत्रांत घालणारे अधिकारी आमच्या तरी फारसे ऐकण्यांत नाहींत!

पुढील इतिहास कडू आहे. १०८० सालीं पुन्हा बहिष्कार. १०८४ सालीं हेन्रीनें रोम घेऊन आपल्या पसंतीचा पोप गादीवर बसविला, व १०८५ सालीं ग्रेगरी सालेर्नो येथें परक्या ठिकाणीं वारले.

तर मग ग्रेगरी फसले काय? आम्ही तसें मानीत नाहीं. राजा राज्य राखावयास आला आहे, हें त्यांस कळलें नसेल असें समजणें भोळेपणाचें होईल. तथापि पश्चात्ताप बोलून दाखविणारास परत घेणें हें धर्मगुरूचें काम, व तें त्यांनीं केलें. आमचा आक्षेप आहे तो त्या तीन दिवसांस. लवकर मिळालेली क्षमा स्वस्त होते, असें कोणी म्हणेल. परंतु चूक कबूल करून आलेल्या मुलाशीं दोन दोन दिवस अबोला धरणारे वडील आम्हीं पाहिले आहेत. मूल चूक विसरतें, अबोला विसरत नाहीं. १८७२ सालीं बिस्मार्कनें जर्मन पार्लमेंटांत, आपण कानोसास जाणार नाहीं, असें बजावलें. सुमारें आठशें वर्षांनंतरही त्या राष्ट्रास तेथें मिळालेली क्षमा आठवत नव्हती, दाराबाहेरील उभें राहणें तेवढें आठवत होतें.