वादाने धर्म वाढतो काय?

धर्मप्रसारासंबंधाने आमच्या सुशिक्षित वर्गात दोन समजुती फार दिवस मुरलेल्या आहेत. पहिली ही की, इस्लाम वाढला तो केवळ तलवारीने. आणि दुसरी ही की, जे तलवारीने वाढले ते युक्तिवादाने सहज खुंटविता येईल. ह्यांपैकी दुसरी समजूत ख्रिस्ती मिशनऱ्यांनी दीर्घ काळ उराशी बाळगली होती. मुसलमानांपुढे प्रमाणे मांडावी, त्यांच्या ग्रंथांतील विसंगती दाखवावी, म्हणजे ते आपण होऊन बायबलाकडे वळतील, असा त्यांचा भरवसा होता. अनुभवाने तो भरवसा खोटा ठरविला. तरीही आज आमच्यातील कित्येक विद्वान तीच हत्यारे घासूनपुसून हाती घेत आहेत, आणि 'मुसलमानांची वाढ' थोपविण्याच्या गोष्टी मोठ्या आवेशाने बोलत आहेत. तेव्हा ह्या हत्यारांनी पूर्वी काय साधले, ह्याचा शांतपणे हिशेब घेणे अगत्याचे आहे.

पहिला दाखला आमच्या शेजारच्या गोव्याचाच घेऊ. १५८० मध्ये रुडॉल्फ अक्वाव्हीवा, मॉन्सेराते आणि एन्रिक्स हे तीन जेझुइट पाद्री अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस गेले. एन्रिक्स हा मूळचा मुसलमान. दुभाष्याचे काम त्याच्याकडे होते. बादशहाने त्यांचा सन्मान केला, इबादतखान्यात उलेमांशी त्यांचे वाद ऐकले, राजपुत्राच्या शिक्षणाचे कामही मॉन्सेरातेकडे सोपविले. इतका सभ्य आणि समर्थ श्रोता धर्मोपदेशकास क्वचितच लाभतो. परंतु अकबर ख्रिस्ती झाला नाही, आणि १५८३ मध्ये अक्वाव्हीवा रिकाम्या हातांनी गोव्यास परतला. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात सासष्टीतील कुंकळी गावी ग्रामस्थांनी त्याला व त्याच्या सोबत्यांना ठार मारले. ह्या गावकऱ्यांची देवळे पोर्तुगीज सत्तेने जमीनदोस्त केली होती. मुसलमान बादशहाच्या दरबारात ज्याच्या केसालाही धक्का लागला नाही, तो ख्रिस्ती राजाच्या अमलाखालील गावात प्राणास मुकला! दरबारात युक्तिवाद निष्फळ ठरला. गावात राजसत्तेच्या बळाने सूडाचे बी पेरले. मन ह्या दोन्ही मार्गांनी जिंकले गेले नाही, हे त्यात पाहण्यासारखे आहे.

दुसरा दाखला आग्र्याचा. कार्ल फान्डर हा जर्मन मिशनरी 'मीझान-उल्-हक्क' ह्या आपल्या ग्रंथाने मुसलमानी जगात गाजलेला. १८५४ च्या एप्रिल महिन्याच्या १० व ११ तारखांस आग्र्यात त्याचा मौलाना रहमतुल्ला कैरानवी ह्यांच्याशी जाहीर वाद झाला. फान्डरच्या बाजूस टॉमस फ्रेंच होते, मौलानांच्या बाजूस डॉक्टर वझीर खान. फान्डरची अपेक्षा अशी की, प्रतिपक्ष आपल्या जुन्या पोथ्यांतीलच आक्षेप पुढे करील. परंतु वझीर खान इंग्रजी जाणणारे. युरोपातील चिकित्सक पंडितांनीच बायबलाच्या पाठांविषयी काय लिहिले आहे ते त्यांनी सभेपुढे ठेवले. नकलकारांच्या हातून बायबलाच्या पाठात काही चुका शिरल्या आहेत, एवढे फान्डरला मान्य करावे लागले. त्यामुळे मूळ सिद्धांतास बाध येत नाही, हे त्याचे म्हणणे गलबल्यात विरून गेले. पुढचे विषय निघालेच नाहीत, आणि दोन्ही पक्षांनी आपापल्या घरी जाऊन विजयोत्सव केला.

ह्या वादाचे फळ काय? १८५७ च्या धामधुमीनंतर मौलाना मक्केस निघून गेले, आणि पुढे सुलतान अब्दुल अझीझच्या सांगण्यावरून १८६४ मध्ये त्यांनी 'इझहार-उल्-हक्क' हा अरबी ग्रंथ सिद्ध केला. ख्रिस्ती धर्माच्या खंडनाचे ते भांडार होऊन बसले. शंभर वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत अहमद दीदात ह्यांनी जाहीर वादांची जी परंपरा उभारली, तिची प्रेरणा ह्याच ग्रंथात होती. म्हणजे इस्लामचा किल्ला पाडण्यास गेलेल्या फान्डरने त्याला नवी तटबंदी मात्र बांधून दिली! फ्रेंच पुढे लाहोरचे पहिले बिशप झाले. ते पद सोडून उतारवयात अरबांना उपदेश करण्यास गेले आणि १८९१ मध्ये मस्कतला वारले. त्यांच्या निष्ठेस आम्ही वंदन करतो. परंतु निष्ठा थोर म्हणून साधन योग्य ठरत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, मौलवी इमाद-उद्-दीन हा फान्डरविरुद्ध आग्र्याच्या जामा मशिदीत प्रवचने करणारा पंडित पुढे ख्रिस्ती झालाच की नाही? झाला, परंतु केव्हा आणि कसा? वादानंतर बारा वर्षांनी, १८६६ मध्ये. मध्यंतरी त्याने सूफी मार्गाची कठोर साधना केली, तिने त्याच्या मनाला शांती लाभली नाही, आणि सफदर अली ह्या आपल्या ओळखीच्या विद्वानाने बाप्तिस्मा घेतल्याचे ऐकून तो बायबल वाचावयास बसला. ही त्याने स्वतः सांगितलेली हकीकत आहे. सभेतील कोटिक्रमाने जे झाले नाही, ते अंतरीची तळमळ आणि एका स्नेह्याचे उदाहरण ह्यांनी झाले.

आमच्या मुंबईतही हा खेळ होऊन गेला आहे. १८३० नंतरच्या काळात डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनी मोरभट दांडेकरांशी वाद केला, पारशांशी केला, आणि हाजी मुहंमद हाशीम ह्या इराणी विद्वानाशीही केला. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी पाद्र्यांपुढे उभे राहिले, ह्याचा आम्हास आजही अभिमान वाटतो. परंतु ह्या सर्व खंडनमंडनातून प्रत्येक पक्षास आपल्याच अनुयायांचे धैर्य वाढविण्यापलीकडे फारसे काही लाभले असे दिसत नाही. १९२३ मध्ये त्याच आग्र्याच्या आसपास मलकाना राजपुतांच्या शुद्धीची चळवळ सुरू झाली. तिच्या प्रत्युत्तरादाखल मुसलमानांत तबलीगला जोर चढला. मेवातेत मौलाना इल्यास ह्यांनी त्याच दशकात आरंभिलेले कार्य आज देशोदेशी पसरले आहे. ज्यांना इस्लामची वाढ थोपवावयाची होती, त्यांच्या आघातानेच इस्लामचा प्रचारक जागा झाला!

आता तलवारीच्या सिद्धांताकडे वळू. मुसलमानी राजवटीत देवळे फोडली गेली, जिझिया बसविला गेला, बळाने बाटविणेही घडले. हे नाकारणारा इतिहासाचा द्रोही होय. परंतु तलवार हेच मुख्य कारण असते, तर दिल्ली-आग्र्याचा टापू, जेथे तख्त शतकानुशतके होते, तो मुसलमानबहुल व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात बहुसंख्या झाली ती तख्तापासून दूर असलेल्या पूर्व बंगालात. १८७२ च्या शिरगणतीत ही गोष्ट उघड झाली तेव्हा इंग्रज अधिकारीही चकित झाले. रिचर्ड ईटन ह्या इतिहासकाराने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्याचा उलगडा केला आहे. गंगेचा ओघ पूर्वेकडे सरकला, नव्या मुलखातील रान तोडून भातशेती सुरू झाली, रान तोडविणाऱ्या पीर-फकिरांस जमिनी इनाम मिळाल्या, आणि त्यांच्या मशिदीभोवती गाव वसले. कुळवाड्याने नांगराबरोबर नवा देवही पिढ्यान्‌पिढ्या, हळूहळू, न कळत आपलासा केला. जावा बेटावर तर बाहेरून कोणतीही मुसलमानी फौज चालून गेली नव्हती. तेथे आधी व्यापारी गेले आणि किनाऱ्याच्या बंदरांत धर्म रुजला.

जावाचेच उदाहरण पुढे चालवू, कारण मुसलमानांत ख्रिस्ती धर्म खरोखर रुजल्याचा एक बोलका दाखला तेथेच मिळतो. सद्राख हा सुमारे १८३५ मध्ये जन्मलेला जावी मनुष्य इस्लामी पाठशाळेत शिकलेला होता. तो ख्रिस्ती झाला आणि त्याने मध्य जावात आपली मंडळी उभारली. त्याचे प्रार्थनामंदिर मशिदीच्या घाटाचे, आणि त्याला नावही मशीद हेच. पोशाख, चालीरीती, गुरुशिष्यभाव सारे जावी. तोही वाद करीत असे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु तो गुरूगुरूंमधला, तेथील रूढीप्रमाणे चाललेला वाद. हरलेला गुरू आपल्या शिष्यांसह जिंकणाऱ्याचा शिष्य होई. मंडनमिश्रांच्या वादाची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्याचे मर्म सांगावयास नको. एकाच अंगणात वाढलेल्या माणसांचा तो संवाद होता. त्यामागे तोफा नव्हत्या, परक्याचा तुच्छभाव नव्हता. १८९० च्या सुमारास त्याच्या मंडळीत सहा हजारांवर माणसे होती. गोऱ्या पाद्र्यांना हे पाहून धन्यता वाटली असेल? मुळीच नाही! ह्याचा ख्रिस्त फारच जावी, म्हणून त्यांनी नाक मुरडले आणि अखेर संबंध तोडले. १८८२ मध्ये डच अधिकाऱ्याने त्याला काही काळ अटकेतही ठेविले होते. पण त्याचे बहुतेक अनुयायी त्याच्याशीच राहिले. आमच्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्तचरणी वाहिले ते ह्याच जाणिवेने.

राहिला आकड्यांचा प्रश्न. प्यू संशोधन केंद्राच्या हिशेबाप्रमाणे २०१० ते २०२० ह्या दशकात जगातील मुसलमानांची संख्या सुमारे ३४.७ कोटींनी वाढून २०० कोटींवर गेली. ख्रिस्ती सुमारे २३० कोटी झाले, तरी त्यांचा वाटा घटला. ह्या आकड्यांनी काहींची झोप उडते, आणि काही मिशनांच्या वर्गणीची आवाहने त्यांवरच चालतात. परंतु त्याच हिशेबात कारणही दिले आहे: मुसलमान समाज वयाने तरुण आहे आणि त्यात जन्म अधिक आहेत, धर्मांतराचा त्यातील भाग अत्यल्प. आणि जन्माचे मानही कोठे स्थिर आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशात मुसलमान स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १९९२-९३ मध्ये ४.४ होते, ते २०१९-२१ मध्ये २.४ वर आले. हिंदूंतही ते ३.३ वरून १.९ वर उतरले. मुलगी शाळेत गेली आणि दवाखाना गावात आला, की पाळणा सर्व धर्मांत सारखाच लांबतो. हे पोथ्यांच्या खंडनाचे काम नव्हे.

मग झगडावयाचे कशासाठी? आमचे उत्तर स्पष्ट आहे: शिरगणतीसाठी नव्हे, तर त्या एकट्या माणसासाठी, जो आपल्या अंतःकरणाशी प्रामाणिक राहून धर्म बदलू पाहतो. युरोपात मशिदी बांधण्याचे स्वातंत्र्य हक्काने भोगणारे, पण स्वधर्म सोडणाऱ्यास देहदंड सांगणाऱ्या मुसलमानी राज्यांविषयी मौन धरणारे. बाप्तिस्म्यांची संख्या छापणारे, पण बाप्तिस्म्यानंतर घरादारास मुकलेल्याची वास्तपुस्त न करणारे. आणि शुद्धीस पुण्य व इतर सर्व धर्मांतरांस कपट म्हणणारे आमचे बंधू — हे तिघेही एकाच तराजूत बसतात. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याने धर्म बदलू इच्छिणाऱ्यास साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यास वर्दी देण्यास लावले आहे. ईश्वरभक्तीची दिशा बदलण्यासाठी सरकारी कचेरीची पायरी चढावी लागणे, हे कोणत्या धर्मास भूषणावह आहे?

लोभ दाखवून किंवा धाक घालून कोणी बाटवीत असेल, तर त्याला अवश्य शासन व्हावे. परंतु जो आपल्या इच्छेने येतो वा जातो, त्याची वाट मोकळी असली पाहिजे, मग ती मशिदीकडे जावो, चर्चकडे जावो किंवा देवळाकडे परत येवो. ज्या धर्माला आपल्या सत्याविषयी खात्री आहे, त्याला दार बंद करून बसण्याचे कारण नाही. आणि ज्याला ते बंद करावेसे वाटते, त्याने शेजाऱ्याची डोकी मोजण्याआधी आपल्या घरातील माणसे बाहेर का पाहू लागली, ह्याचा विचार करावा.