‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय बिघडले?

जूनचा पहिला आठवडा. मृगाचे ढग डोंगरावर दिसू लागलेले. सोसायटीचे नवे-जुने करायचे, बियाणे आणायचे, आणि त्यासाठी हातात हवा ताजा सातबारा व आठ-अ. शेतकरी सकाळची एसटी पकडून तालुक्याला जातो, रांगेत उभा राहतो, आणि त्याचा नंबर आला की खिडकीतून उत्तर येते, ‘‘सर्व्हर डाऊन आहे मामा, उद्या या.’’ उद्या गेला तर पुन्हा तेच. दोन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले, आणि कागद काही हाती नाही.

पूर्वी गावात एक उत्तर ठरलेले होते, ‘साहेब फिरतीवर आहेत’. ते ऐकले की पुढे काही विचारता येत नसे. ‘सर्व्हर डाऊन’ने आता तीच जागा घेतली आहे. फरक एवढाच की साहेब कोणत्या गावाला गेले हे शिपायाला विचारता तरी यायचे. सर्व्हरला काय झाले हे कोणाला विचारायचे?

प्रश्न क्षुल्लक नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविम्याची योजना आली आणि राज्यातून दीड कोटीच्या वर अर्ज गेले. शेवटच्या दिवसांत केंद्रांवर रात्र रात्र रांगा लागल्या आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. ती एक रुपयाची योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली, पण मुदतीच्या शेवटी होणारी गर्दी काही बंद झाली नाही. शेतीचे सगळे दस्तऐवज आता यंत्रात आहेत. महाराष्ट्र दिनी, १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. यंत्र थांबले की शेतकऱ्याचे कामही तिथेच थांबते.

आता सर्व्हरच्या पोटात काय असते ते पाहू. संगणकवाले ज्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात तो तलाठ्याच्या दप्तराहून फार वेगळा नाही. (तलाठ्याचे कागदावरचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावाच्या तोंडी तो तलाठीच.) गाव नमुना सात वेगळा, बारा वेगळा, आठ-अ वेगळा, फेरफाराचा नमुना सहा वेगळा. सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो. तो नंबर धरून सहाचे पान उघडले की जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली ते कळते. एका तक्त्यातला नंबर दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवतो, हेच ते ‘रिलेशन’. आपल्या महसुली दप्तराने ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीपासून वापरलेली आहे. दप्तर सांभाळायला तलाठी, तसा डेटाबेस सांभाळायला एक कारभारी प्रोग्रॅम असतो. तो ज्या यंत्रावर चालतो तो सर्व्हर.

या कारभाऱ्याला होणारे आजार ठरलेले आहेत आणि प्रत्येकाचे लक्षण वेगळे आहे. गंमत अशी, की पडद्यावर आजाराचे नाव बहुतेक वेळा इंग्रजीत लिहिलेले असते. आपण ते न वाचता खिडकी बंद करतो.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आले तर बहुधा आपला निरोप तिथपर्यंत पोचलेलाच नसतो. रस्ता तुटला असेल, केबल खणली गेली असेल, किंवा मधल्या कुंपणाने अडवले असेल. शेजारच्या कार्यालयात किंवा मोबाईलच्या नेटवर तेच पान उघडून पाहावे. तिथे चालत असेल तर दोष आपल्या लाइनीचा, सर्व्हरचा नव्हे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर गोष्ट निराळी. यंत्र जागेवर आहे, पण कारभारी कामावर नाही. तो प्रोग्रॅम बंद पडला आहे आणि वरच्या माणसाने तो चालू करायला हवा. ‘लॉगिन फेल्ड’ म्हणजे कारभारी हजर आहे, तुम्हाला ओळखत नाही. आणि सही होत नसेल तर आधी डिजिटल सहीच्या चावीची मुदत पाहावी. ती दोन-तीन वर्षांनी संपते. चावी संपलेली आणि शिव्या सर्व्हरला, असे घडू शकते.

सगळ्यात जास्त गाजणारा आजार गर्दीचा. डेटाबेस एका वेळी किती जणांना जोडून घेईल याला मर्यादा घातलेली असते. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आहे तसा बसवला तर ती मर्यादा १०० असते, मायएसक्यूएलची १५१. त्यापुढचा माणूस आला की ‘टू मेनी कनेक्शन्स’ म्हणून परत पाठवतात. मग आकडा वाढवा की, असे कोणीही म्हणेल. पण प्रत्येक जोडणी मेमरी खाते. चार माणसांच्या स्वयंपाकात चाळीस पाने मांडली तर सगळेच उपाशी उठतात, तसे होते, आणि सगळा सर्व्हरच लोळण घेतो. खरा उपाय म्हणजे मध्ये मुकादम ठेवणे. तो थोड्या जोडण्या उघड्या ठेवतो आणि काम झाले की तीच जोडणी पुढच्याला देतो. बाजार समितीत काटा एक असला तरी गाड्या पटापट निघाल्या तर दिवसात शंभर गाड्या मापता येतात. काट्यावर गाडी लावून ड्रायव्हर जेवायला गेला तर मात्र दहासुद्धा होत नाहीत.

ड्रायव्हर जेवायला जाण्याचा प्रकार डेटाबेसातही होतो, त्याला लॉक म्हणतात. एका कारकुनाने गट नंबर ११२ ची नोंद बदलायला घेतली की ती पुरी होईपर्यंत दुसऱ्याला त्या नोंदीत बदल करता येत नाही. हे योग्यच आहे, नाहीतर एकाच वेळी खरेदीची आणि बोजाची नोंद एकमेकींवर चढेल. पण पहिल्याचे काम अर्धवट अडकून राहिले तर मागचा ताटकळतो. मायएसक्यूएल नेहमीच्या बसवणुकीत ५० सेकंद वाट पाहतो आणि मागच्याचे काम नाकारतो. याहून वाईट म्हणजे एकाने गट धरला आणि त्याला खाते हवे, दुसऱ्याने खाते धरले आणि त्याला गट हवा. दोघेही हटत नाहीत. बांधावर असे झाले तर पोलीसपाटील बोलवावा लागतो. इथे डेटाबेस स्वतःच निवाडा करतो, दोघांपैकी एकाचे काम रद्द करतो आणि दुसऱ्याला पुढे जाऊ देतो. रद्द झालेले काम पुन्हा करायचे असते. ‘‘नोंद केली होती, पण आता दिसत नाही’’ या तक्रारीमागे कधी कधी हेच असते. अर्धी नोंद कधीच राहत नाही, पुरी होते किंवा मुळीच होत नाही, ही डेटाबेसची चांगली सवय आहे. म्हणून नोंद टाकल्यावर शेवटचा ‘झाले’ असा संदेश पाहिल्याशिवाय खातेदाराला घरी पाठवू नये.

डिस्क भरणे हा तसा साधा आजार, पण त्यावरचा अघोरी इलाज जीव घेतो. डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका रोजनाम्यात लिहितो. वीज गेली तरी त्यावरून दप्तर पुन्हा उभे करता येते. हा रोजनामा वाढत वाढत जागा खातो आणि जागा संपली की लिहिणे थांबते. अशा वेळी एखादा उत्साही माणूस ‘जुन्या फायली’ म्हणून तो रोजनामाच पुसून टाकतो. झाले! पोस्टग्रेसमध्ये असे केले तर डेटाबेस चालूच न होण्याची वेळ येते. जागा करायचीच तर दुसरीकडून करावी, त्याला हात लावू नये.

संथपणाचे एक कारण गावपातळीवरही टाळता येते. गट नंबरावरून शोधले तर पान चटकन येते, कारण नंबरांची अनुक्रमणिका केलेली असते. नावाचा मधलाच तुकडा टाकून शोधले तर नेहमीची अनुक्रमणिका उपयोगी पडत नाही आणि सगळी पाने चाळावी लागतात. ‘पाटील’ एवढेच टाकून शोधणारे पन्नास जण एका वेळी बसले तर काय होईल ते सांगायला नको. जाताना गट नंबर लिहून न्यावा.

नाव बिघडून येण्याचा प्रकार मात्र नीट समजून घ्या. नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर बहुधा त्या संगणकात अक्षराचा फॉन्ट नाही, मूळ नोंद शाबूत आहे, घाबरू नये. पण प्रश्नचिन्हांची ओळ दिसत असेल तर लगेच तक्रार करावी. माहिती एका लिपी-पद्धतीतून दुसरीत जाताना अक्षरे हरवली की तिथे प्रश्नचिन्हे बसतात. ती तशीच साठवली गेली असतील तर मूळ अक्षरे त्यातून परत निघत नाहीत. जुना उतारा किंवा हस्तलिखित फेरफार काढूनच दुरुस्ती करावी लागते. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल अधिनियमाचे कलम १५५ आहे. म्हणून घरातले जुने हस्तलिखित सातबारे रद्दीत घालू नका.

शेवटचा धोका सर्वांत मोठा आणि सर्वांत शांत आहे, तो म्हणजे राखीव प्रतीचा. गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचेच काम सांभाळणारी मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याने रात्री दुरुस्ती करताना चुकीच्या यंत्रावर पुसण्याचा हुकूम दिला. क्षणात लक्षात आले, पण तोवर सुमारे ३०० जीबी माहिती गेली होती. राखीव प्रती काढायला गेले तर पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही भरवशाची निघाली नाही. एका व्यवस्थेतला प्रत काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून प्रत निघतच नव्हती. ‘प्रत निघाली नाही’ असे सांगणारी ई-मेल पत्रेही वाटेतच नाकारली जात होती. योगायोगाने सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने काढलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर निभावले. सहा तासांतले काम मात्र गेलेच. हे सगळे कंपनीने स्वतः जाहीर केले, लपवले नाही. एवढ्या जाणकारांच्या घरी हे होते, तर जिल्ह्याच्या दप्तराचे काय? ‘बॅकअप आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘त्या प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे करून शेवटचे कधी पाहिले?’ हे विचारले पाहिजे. आणि दुसऱ्या यंत्रावर चालणारी आरशातली प्रत म्हणजे राखीव प्रत नव्हे. इकडे चुकून पुसले की आरशातही पुसले जाते.

आमचे म्हणणे असे, की प्रत्येक तलाठी सज्जात आणि सेतू केंद्रात ‘सर्व्हर बंद’ची एक वही असावी. तारीख, बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची वेळ, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, कोणते काम करताना आला, कोणता गट, आणि किती माणसे परत गेली. संदेश इंग्रजीत असेल तर मोबाईलने फोटो काढून ठेवावा. ‘चालत नाही’ या तक्रारीवर पुण्या-मुंबईचा तंत्रज्ञ काही करू शकत नाही. ‘सकाळी अकरा ते एक, टू मेनी कनेक्शन्स’ असे कळले तर त्याला कुठे बघायचे ते समजते. वही नसेल तर रोजचाच बिघाड दरवेळी नवा ठरतो.

याच वहीवरून परत गेलेल्या शेतकऱ्याला तारखेची चिठ्ठी द्यावी आणि कर्ज असो वा विमा, जितके तास यंत्र बंद तितकी मुदत आपोआप पुढे जावी. यंत्र सरकारचे, दुरुस्ती सरकारची, मग बुडालेला दिवस एकट्या शेतकऱ्याच्या खात्यावर का? ग्रामसभेत हा विषय घ्यायला कोणाची हरकत नाही. आणि तोपर्यंत, ज्यांना जूनमध्ये सातबारा लागणार आहे त्यांनी तो मेमध्येच, सकाळी लवकर, गट नंबर हातात घेऊन काढावा. पंधरा रुपये लागतात, रांग नसते.