यंत्राला शिकवलेले शब्द



विहारांच्या अभ्यासिकेतील जुने संगणक बदलण्याची घाई हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी (तारीख तरी पहा!) संपवला, हे त्याचे एक कारण. कोणी नवे यंत्र घेतात, कोणी जुन्यावरच लिनक्स घालतात. पत्रके, हिशेब, छायाचित्रे आठवणीने पेनड्राइव्हवर घेतली जातात. एक वस्तू मात्र मागे राहते.

मराठी शुद्धलेखन-तपासणी चालू ठेवून पत्रक टंकित करताना 'भिक्खुणी', 'वर्षावास', 'त्रिसरण' अशा शब्दांखाली लाल रेघ उमटते. तो शब्द यंत्राच्या कोशात नाही, एवढाच तिचा अर्थ. पण नवशिक्या मुलांना वाटते आपलेच चुकले, आणि ती 'धम्म' खोडून 'धर्म' करून मोकळी होतात. म्हणून जाणते कार्यकर्ते माऊसची उजवी कळ दाबून आपला शब्द कोशात घालतात. वर्षानुवर्षे असे शेकडो शब्द साठतात.

ते साठतात कुठे? लिबरऑफिसमध्ये 'वर्डबुक' फोल्डरात, बहुधा 'स्टँडर्ड डॉट डिक' या फाइलीत; एमएस वर्डमध्ये 'कस्टम डॉट डिक'मध्ये. फाइल साध्या मजकुराची, ओळीला एक शब्द. पण ती लपलेली असते: विंडोजमध्ये 'ॲपडेटा'खाली, लिनक्समध्ये 'डॉट कॉन्फिग'खाली. दिसत नाही म्हणून कोणी उचलत नाही, आणि यंत्र फॉरमॅट झाले की सारे पुसले जाते. बाबासाहेबांनी पाली शब्दकोशासाठी घेतलेले श्रम शासनाने १९९८ साली १६ व्या खंडात छापले. कागद जपले होते म्हणूनच ते आपल्या हाती आले.

घर, विहार आणि मंडळाचे कार्यालय अशी तीन यंत्रे असतील तर एक प्रत मूळ ठरवावी. नवा शब्द आधी तिच्यात घालावा, मग ती इतरत्र न्यावी. नेताना लिबरऑफिस बंद असू द्या. दोघांनी दोन यंत्रांवर निरनिराळे शब्द घातले असतील तर एका फाइलीने दुसरी झाकू नका, ओळी एकत्र करा. संगणक शिकणारी मंडळी यासाठी २००५ साली लायनस टोरवाल्ड्स यांनी तयार केलेले 'गिट' वापरतात. कोणता शब्द केव्हा आला याची नोंदही त्यात राहते. वस्तीतील एखाद्या विद्यार्थिनीकडे हे काम जरूर सोपवावे.

सगळेच मात्र सगळीकडे न्यायचे नसते. अभ्यासिकेच्या सामाईक यंत्रावर ब्राउझरमध्ये स्वतःचे खाते जोडून 'सिंक' चालू केले, तर घरी साठवलेले पासवर्डही तिथे येऊ शकतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यापुरते लॉगिन करा, काम होताच बाहेर पडा. 'पासवर्ड जतन करू का?' असे यंत्राने विचारले, तर 'नाही' म्हणा.