पक्षिविशेषः

अमरकोशाच्या सिंहादिवर्गांत पाणपक्ष्यांचीं नांवें एकापाठोपाठ एक येतात: मद्गु, कारण्डव, प्लव. ज्यांनीं कोश लहानपणीं मुखोद्गत केला त्यांना तीं झोपेंतही म्हणतां येतील. परंतु मद्गु म्हणजे कोण, असें विचारल्यास टीकाकार बहुधा ‘पक्षिविशेषः’ एवढें म्हणून आपली सुटका करून घेतात. हे पक्षिविशेष पोथीबाहेर कसे वागतात तें पाहावें म्हणून गेल्या मार्गशीर्षांत घरांतील चार मुलें बरोबर घेऊन आम्ही पुण्याच्या पाषाण तलावावर गेलों.

हा तलाव नैसर्गिक नव्हे. इंग्रजी अमदानींत रामनदीवर बांध घालून तो केला. आतां भोंवतीं शहर वाढलें आहे. सूर्योदयापूर्वींच पोहोंचावें हें बरें. मागाहून फिरणारांची वर्दळ होते आणि पक्षी काठापासून दूर सरकतात.

मद्गु प्रथमच भेटला. बहुतेक अभ्यासकांच्या मतें तो म्हणजे आपला पाणकावळा. एका खुंटावर पंख पसरून तो निश्चल बसला होता. “आजोबा, हा सूर्याला नमस्कार करतो का?” धाकट्या नातीनें विचारलें. कारण निराळें आहे. बदकाचीं पिसें पाण्यानें भिजत नाहींत, याचीं बरींच भिजतात. भिजल्यामुळें पिसांतील हवा निघून जाते, अंग पाण्यावर उचललें जात नाहीं, आणि मासा पकडण्यासाठीं खोल बुडी मारणें सोपें होतें. मग पंख वाळवीत बसणें आलेंच. त्याच्या पलीकडे तिरंदाज पोहत होता. सर्व अंग पाण्याखालीं, वर फक्त सापासारखी मान. हा मासा चोचींत धरीत नाहीं, भाल्यासारखा भोंसकतो. नंतर वर उडवून डोक्याकडून गिळतो. तो प्रकार प्रत्यक्ष दिसला तेव्हां मुलें हातांतील लाडू खावयाचेंही विसरलीं.

काळ्या अंगाचा व पांढऱ्या कपाळाचा चांदवा पुष्कळ होता. कारण्डव तो हाच, असें पुष्कळांचें मत आहे. हळदीकुंकू बदकाची जोडीही दिसली. चोचीचें टोंक पिवळें आणि बुडाशीं दोन तांबडे ठिपके. हें नांव कोणा बाईनेंच ठेविलें असावें, असें आमच्या सूनबाईंचें म्हणणें. तें खोडून काढण्यास आमच्याजवळ प्रमाण नाहीं.

थोरल्या नातवाला या सर्वांचीं इंग्रजी नांवें येत होतीं, मराठी एकही नाहीं. त्यास दोष देऊन काय उपयोग? शाळेंत व घरांत जें नांव कानांवर पडत नाहीं तें येणार कोठून? मारुति चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं वनखात्याची नोकरी करतां करतां अशीं लोकांच्या तोंडचीं नांवें जपून ठेविलीं. त्यांचा ‘पक्षिकोश’ घरांतील पंचांगाइतकाच हाताशीं असावा.

परंतु नांव राहून पक्षी जावयाचा, अशीही वेळ येऊं शकते. रामनदींतून सांडपाणी येतें, त्यावर जलपर्णी पोसते. जांभळ्या पाणकोंबडीला ती मानवते. मात्र ती दाट झाली म्हणजे पाणकावळ्याला बुडी मारण्यास जागा उरत नाहीं, आणि पाण्यांतील प्राणवायु घटून मासे मरतात. दुसरें संकट आमच्याच आवडीचें. काठ दगडी भिंतीनें बांधून काढला कीं आपणांस तो स्वच्छ दिसतो. पण शेकाट्या व तुतवार यांचें अन्न चिखलांत आणि वीतभर पाण्यांत असतें. उभ्या भिंतीपाशीं त्यांनीं काय टिपावें? तळें ‘सुशोभित’ करण्याची मागणी ज्या सभांतून होते, तेथें हा प्रश्न कोणी विचारलेला आम्हीं तरी ऐकला नाहीं.

हिवाळी पाहुणे साधारणपणें फाल्गुनापर्यंत राहतात. ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं भडक रंगाचे कपडे घालूं नयेत, आणि पुण्य लागेल म्हणून पाव तर मुळींच नेऊं नये. तो पाण्यांत कुजतो. दुर्बीण एकच असल्यास प्रथम लहानांच्या हातीं द्यावी. त्यांना आपल्याआधीं दिसतें.