लंगड्या घोड्याला मखमली झूल

महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या वंशातल्या जुन्या जीपची आमच्या अंधेरी-बोरिवलीकडे मोठी हौस! रविवारी बाह्या सारून स्वतः ब्रेकचे लायनर बदलणारा पांढरपेशा मज मास्तराला वंदनीय वाटतो. पण ब्रेक जुनेच ठेवून थोरली चाके चढवणाऱ्याला काय म्हणावे? चाक वाढले की ब्रेकवरचा ताण वाढतो आणि वेगाचा काटा खरा वेग लपवतो. मूळ घडणीशी विसंगत फेरफार २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही अमान्य ठरवले. दुरुस्ती ही विद्या. हा निव्वळ नखरा! आणि नखऱ्याची किंमत रस्त्यावरचे पोर मोजते. वाचकहो, पाडव्याला झेंडूची माळ जरूर घाला. आधी ब्रेक तपासा.