विषाची धार बोथट कां होते?



'अति तेथें माती' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ती आपल्या परसांतील वांग्यांस आणि हिवतापाच्या डासांस सारखीच लागू पडते, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

पूर्वीं अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत भाजीचे मळे गांवांच्या व शहरांच्या अगदीं अंगाशीं असतात. हल्लीं गच्चीवरील कुंड्यांतहि भेंडी-टोमॅटो पिकूं लागले आहेत. हें उत्तमच होय. पण कीड दिसली न दिसली तोंच आपला हात फवाऱ्याकडे जातो. त्यांत बहुधा असणारीं सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन हीं विषें ज्या कुळांतील, त्याच कुळांतील औषध डासांपासून रक्षण करणाऱ्या मच्छरदाण्यांस लावलेलें असतें. मळ्यांतील विष वाहून पाटांत व डबक्यांत उतरतें, आणि हिवताप पसरविणाऱ्या ॲनोफिलीस डासाच्या अळ्या अशाच पाण्यांत वाढतात.

डासाला औषधाची संवय होते, असें आपण म्हणतों. वास्तविक कोणताहि डास कांहीं शिकत नाहीं. असंख्य अळ्यांत एखादी जन्मतःच चिवट असते. विषानें दुबळ्या मरतात, चिवट उरते व तिचीच संतती वाढते. मळेवाला मारतो किडीस. पण चिवट डासांची निवडहि नकळत तोच करीत असतो. पश्चिम आफ्रिकेंतील शहरांच्या भाजीमळ्यांत असे औषधास न जुमानणारे ॲनोफिलीस डास संशोधकांस आढळले आहेत.

आपल्या देशाचा अनुभवहि बोलका आहे. 1946 सालीं मुंबई प्रांतांतील धारवाड व कारवारकडील खेड्यांत डॉ. विश्वनाथन् यांनीं घरोघर डी. डी. टी. फवारून हिवतापास हटविलें. 1953 सालीं ही मोहीम राष्ट्रीय झाली. परंतु 1959 सालींच पंचमहाल जिल्ह्यांत डी. डी. टी. स दाद न देणारे डास सांपडले. 1965 सालीं देशांत एका लाखाच्या आसपास आलेली रुग्णसंख्या 1976 सालीं चौसष्ट लाखांवर गेली. यास ढिलाई व पैशाची टंचाई हीं कारणें होतींच. पण शस्त्राची धार गेली होती, हेंहि एक कारण होतें. घरांतील फवारणीनें ती जशी गेली, तशी शेतांतील फवारणीनेंहि गेली. शेतीसाठीं डी. डी. टी. वापरण्यास बंदी झाली ती 1989 सालीं.

कोणी विचारील, "मग पीक किडीस अर्पण करावें काय?" मुळींच नाहीं. आधीं पान उलटून पाहावें, कीड हातानें वेंचतां आली तर वेंचावी, पांच टक्के निंबोळी अर्क वापरावा. विष लागलेंच तर सांगितलेल्या मात्रेंत घ्यावें, एकच एक विष पुनःपुन्हां मारूं नये, आणि फवाऱ्याचें भांडें विहिरीवर वा पाटांत धुऊं नये.

डासांशीं लढण्यास प्रत्येक वेळीं विषच हवें, असेंहि नाहीं. 1911 सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईच्या हिवतापाचें मूळ विहिरींत व टाक्यांत दाखविलें; तेव्हां डी. डी. टी. नव्हतें, म्हणून पाणी झांकणें हाच मुख्य उपाय होता. ज्या घरांत नळ रोज येत नाहीं, तेथें हौद व पिंपें भरलेलीं राहणारच. अंड्यापासून डास होण्यास उबदार हवेंत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एकदां तीं घासून कोरडीं करावीं, एरवीं झांकून ठेवावीं, आणि जो हौद रिकामा करतां येत नाहीं त्यांत गप्पी मासे सोडावे. हें काम मुलांनीं अंगावर घ्यावें.

औषधाची शक्ति ही सर्व गांवाची ठेव आहे. आपण ती दोन वांग्यांसाठीं उधळली, तर शेजारच्या पाळण्यावरील मच्छरदाणी निकामी होईल, आणि त्या पाळण्यांतील बाळाला ताप कोठून आला हें आपल्याला कधीं कळणारहि नाहीं. एवढें मनांत ठेवूनच फवारा हातीं घ्यावा, ही विनंती.