कुलूप लावण्याआधी पॅनेलचे इंटरनेट तपासा!

जऊळका रेल्वे व परिसरातील रहिवासी, दुकानदार आणि कृषी केंद्रचालक यांना तातडीचे आवाहन

लग्नसराई आणि उन्हाळी सुट्ट्यांत घराला आठ-आठ दिवस कुलूप असते. त्यातच अवकाळी वारे सुटले, विजेचा लपंडाव सुरू झाला की राउटर बंद पडतात. चोर शिरला तर सुरक्षा पॅनेलचा सायरन इंटरनेट नसतानाही वाजतो. पण परगावी तुमच्या मोबाइलवर सूचना पोहोचत नाही. म्हणून ही तपासणी आज संध्याकाळीच उरका.

मोबाइलचे वायफाय बंद करून फक्त मोबाइल डेटावर ॲप उघडा. घरच्या वायफायवर कॅमेऱ्याचे चित्र दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका; बाहेरचे इंटरनेट तुटले असले तरी ते अनेकदा दिसते. मग पॅनेल चालू करून दार उघडा आणि सूचना येते का, ते पाहा. आली नाही, तर पुढील क्रमाने शोध घ्या.

१. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा असेल, तर बिघाड बहुधा बाहेरच्या केबलमध्ये आहे. घरात खटपट न करता सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा.

२. वायफायवर मोबाइलचे इंटरनेट चालते, पण पॅनेल ऑफलाइन दिसते? राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा. दिवे स्थिर झाल्यावर पॅनेल मेनूतून रीस्टार्ट करा. आत बॅटरी असल्याने नुसता प्लग काढून ते बंद होत नाही. लॅन केबलची क्लिप नीट बसली आहे का, तेही बघा.

३. राउटर किंवा वायफायचा पासवर्ड बदलला असेल, तर नवा पासवर्ड पॅनेललाही द्या. अनेक पॅनेल २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय पकडतात.

४. पॅनेलमध्ये सिम असेल, तर त्याची मुदत पाहा. त्या सिमवरून कोणी बोलत नाही, त्यामुळे रिचार्ज हमखास राहून जातो.

५. वीज गेल्यावर पॅनेल बॅटरीवर चालते, राउटर मात्र बंद पडतो. राउटरला छोटा यूपीएस लावा.

फॅक्टरी रीसेटचे बटण दाबू नका. सगळी मांडणी पुसली जाते. कारखान्यातून आलेला पासवर्ड मात्र लगेच बदला. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने असेच पासवर्ड वापरून जगभरातील लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. 'तुमचा कॅमेरा बंद आहे, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो कापा. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० वर कळवा.

बाहेरगावी जाताना शेजाऱ्यांना आणि जऊळका पोलीस ठाण्याला सांगून जा. शेजारच्या बंद घराचा सायरन वाजला, तर 'पोरांनी हात लावला असेल' म्हणून सोडून देऊ नका. एकट्याने आत न शिरता ११२ वर फोन करा. सूचना मोबाइलवर आल्याची खात्री झाल्याशिवाय घराला कुलूप लावू नका, ही सर्वांना कळकळीची विनंती.